नाकापेक्षा मिरी जड

मी काळी मिरी बोलतेय. हो, तीच. दाताखाली येईल म्हणून तुम्ही चमच्याने हुडकून काढता आणि ताटाच्या कडेला नेऊन ठेवता, ती. ताट विसळताना सगळ्यात आधी मोरीत जाते तीही मीच. माझ्या हजारो बहिणी अशाच गेल्या. पदार्थाला चव हवी तोवर आमची आठवण, आणि चव उतरली की आम्ही कोण कुठल्या! गरज सरो, वैद्य मरो. तुमची जातच तशी, मला त्याचं आता नवल वाटत नाही.

सध्या माझा मुक्काम एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात आहे. खिडकीच्या कट्ट्यावर बाटलीचं एक पत्र्याचं झाकण उलटं ठेवलंय, त्यात मी एकटीच बसले आहे. शेजारी खलबत्ता आहे. तो कशासाठी, ते ओघाने येईलच. आधी माझी ओळख करून घ्या, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी कुठे लागते हेही ठाऊक नसेल. मिरी डब्यातच पिकते असं मानणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत.

माझी आई वेल. दुसऱ्या झाडाच्या अंगाखांद्यावर चढणारी. तुम्ही लगेच म्हणाल, परावलंबी! म्हणा. ती झाडाला बिलगते, पण त्याचं काही खात नाही. तुमच्या घरातल्या किती जणांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येईल, ते एकदा मोजून बघा.

तिच्या पानांआड बोटभर लांबीचे हिरवे घोस लोंबतात. त्यातल्या एका घोसाच्या अगदी टोकाला मी जन्मले. टोकाला जन्मलं की वरच्या बहिणी आधी पोटभर पितात आणि उरलंसुरलं आपल्यापर्यंत येतं. तरी मी गोल झाले, गरगरीत दिसायला लागले. दिसण्यात मी कुणाला हार गेले नाही.

घोसातला एखादा दाणा लाल झाला की तोडणी सुरू होते. आम्हाला तोडायला आलेली बाई शिडीवर उभी राहून खालच्या बाईला आपल्या जावेबद्दल सांगत होती. "मी तिला एका शब्दाने बोलले नाही गं," असं म्हणाली आणि पुढे तासभर तिला काय काय बोलली त्याचा पाढा वाचला. त्या नादात तिने आमचा अख्खा घोस ओरबाडला. मग आम्हाला पायांनी मळलं, गरम पाण्यात बुचकळलं आणि चटईवर उन्हात फेकलं. चार-पाच दिवसांत हिरवी होते ती काळी ठिक्कर झाले, अंगभर सुरकुत्या पडल्या. तुम्हाला कुणी चार दिवस उन्हात टाकलं असतं तर रडून गाव गोळा केलं असतं.

शेवटी पाखडणी. एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. भरलेले दाणे ती मागे ओढायची, पोचट पुढे उडवायची. मी दोनदा पुढे सरकले. वारा होता त्या दिवशी, दुसरं काही नाही. तिसऱ्या फटक्याला सुपाच्या विणीत अडकले, तेवढ्यात म्हातारीची शेळी चटईकडे यायला लागली, आणि तिला हाकलण्याच्या गडबडीत मी चांगल्यांच्या ढिगात पडले. मी अंगाने थोडी हलकी आहे, एवढंच. पोचट म्हणाल तर याद राखा.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पोटात दुखत राहील. ती मिरची. ती आली कधी, तर परवा! आमच्या पिढ्यान् पिढ्या तुमच्या वरवंट्याखाली गेल्यावर बाई आल्या, माझ्याच नावाला शेपूट जोडलं आणि घर बळकावून बसल्या. आज नाकाला झोंबायचा मान तिचा. माझ्या वाट्याला तुम्ही काय ठेवलंत? 'डोक्यावर मिऱ्या वाटणे.' म्हणजे छळणार तुम्ही, छळून घेणार तुमच्यातलाच कुणीतरी आणि मधल्यामध्ये वाटली जाणार मी. याला काय म्हणावं?

असो. पोत्यातून पोत्यात अशी फिरत मी एका मसाल्याच्या दुकानात आले. दुकान जुनं, अरुंद आणि स्वच्छ. मालकाला सगळे 'भाऊ' म्हणायचे. हा माणूस कमी बोलायचा, आणि माणसात एवढा गुण पुरेसा आहे असं माझं मत. तो रोज सकाळी दुकान उघडलं की प्रत्येक पोत्यात हात घालून मूठभर माल हुंगायचा. त्याच्या वडिलांनीही तेच केलं होतं. "मालात खोट निघाली तर दुकानाची पाटी उतरवीन," असं तो म्हणायचा. तेही ओरडून नाही, पुडी बांधता बांधता.

तिथून मला नेलं ते नाकवाल्या नानांनी.

या गृहस्थांबद्दल सांगायचं तर कुठून सुरुवात करू! चार रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर यांची पाच टेबलांची खाणावळ. पाटीवर नाव नंतर, आधी एक भलंमोठं नाक रंगवलेलं. खोटं वाटेल, पण खरं आहे. नाना पदार्थ कधी चाखायचे नाहीत. भांड्याचं झाकण उचलायचं, वाफेत तोंड घालायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मीठ चिमूटभर कमी आहे." मिठाला कधी वास असतो का हो? पण गिऱ्हाइकं माना डोलवायची. "चाखणं हे कच्च्या आचाऱ्याचं काम," नाना सांगायचे. "चमचा तोंडात घातला की हात उष्टा झाला आणि अक्कलही. खरा आचारी नाकावर चालतो." ऐकणाऱ्यातल्या एकालाही हसू यायचं नाही. मला बरणीत बसून यायचं.

मात्र मीठ सोडलं तर त्यांचं नाक खरंच तयार होतं, हे मी नाइलाजाने कबूल करते. मासा सकाळचा की कालचा हे ते दारातूनच ओळखायचे. कांदा करपायच्या आधी, नुसता रंग बदलायच्या बेतात असताना, पुढच्या खोलीतून ओरडायचे, "सूनबाई, आच कमी कर!"

सूनबाई म्हणजे त्यांच्या मुलाची बायको. मुलगा मालाचे ट्रक चालवायचा, त्यामुळे महिन्यातले चार दिवसच घरी. बाकी सव्वीस दिवस हे दोघं आणि ती खाणावळ. सूनबाई चिरायची, निवडायची, घासायची, वाढायची. मसाल्याला मात्र तिने हात लावायचा नाही. मिरीची बरणी चुलीजवळच्या फळीवर होती, पण मीठ-मिरी पडायची ती नानांच्याच हाताने. चार वर्षं तिने हे सोसलं. तिच्या डोक्यावर नाना रोज मिऱ्या वाटत होते, आणि मिऱ्या आम्ही होतो, म्हणून मला हे आतल्या गोटातून माहीत.

"नाना, आज सारात मिरी मी घालू?"

"तू कांदे सोल."

"सोललेत."

"मग पुसून ठेव."

कांदे पुसून ठेवायला सांगणारा माणूस! सून मात्र पुसायची. मला तिचाही राग यायचा. तोंडात जीभ आहे ना, मग बोल की! पण नाही, घरात शांतता हवी म्हणून गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणायचं. तुमच्या घराघरातून हेच चालतं.

मग नाना आजारी पडले. साधाच ताप, सर्दी, खोकला. आठ दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा नाक होतं तिथेच होतं, आतलं काम मात्र बंद पडलं होतं.

हे त्यांच्याआधी सूनबाईला कळलं आणि तिच्याही आधी मला. एका सकाळी चुलीवर दूध तापत होतं. नाना शेजारीच उभे राहून गुणगुणत बटाटे कापत होते. दूध तळाला लागलं. त्या वासाने फळीवरच्या बरण्यासुद्धा अस्वस्थ झाल्या असतील, पण नानांचं गुणगुणणं चालूच. सूनबाई मागच्या दाराने धावत आली, नानांकडे एकदा पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि आच बंद केली. ते भांडं तिने त्यांच्या नकळत बाहेर नेऊन घासलं.

त्या दिवसापासून नवीनच नाटक सुरू झालं. नाना झाकण उचलून वाफेत तोंड घालायचे, डोळे मिटायचे, नेहमीसारखे मान हलवायचे आणि अंदाजाने काहीतरी म्हणायचे. ते पुढे वाढायला वळले की सूनबाई चमच्याने पटकन चाखायची. मीठ जास्त असलं तर बटाटा टाकायची, मिरी कमी असली तर आमच्यातल्या चारजणी उचलून कुटायची. गिऱ्हाइकं बोटं चाटत होती. "नाना, तुमच्या नाकाला तोड नाही!" असं म्हणत होती. सूनबाई मागे उभी राहून ते ऐकत होती.

आणि नानांना खरं काय ते कळत नव्हतं का? कळत होतं आणि नव्हतं. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं त्याच्याकडे तो किती सफाईने पाठ फिरवतो! नाक गेलं असं नाना स्वतःशीसुद्धा म्हणाले नाहीत. जग बिघडलं असं म्हणाले. कोथिंबिरीत दम नाही. कॉफी म्हणजे नुसता भुसा. मासे पाणचट. साबणसुद्धा आता पूर्वीचा राहिला नाही. रोज एकेकाचा नंबर लागत होता, आणि शेवटी तो माझ्यावर आला.

दुपारी जेवणं आटोपल्यावर नानांनी बरणीतली चिमूटभर मिरी खलबत्त्यात टाकली, दोन ठोके दिले आणि बत्ता बाजूला ठेवून नाक आत घातलं. माझ्या कुटल्या गेलेल्या बहिणींनी जीव ओतला होता. सगळी खोली त्यांच्या वासाने भरून गेली होती.

मागच्या पडवीतून सूनबाईचा आवाज आला, "नाना, मिरी कुटताय का?"

नानांनी दचकून मान वर केली. "तुला कसं कळलं?"

सूनबाईने भांड्यांचा खडखडाट थांबवला. मग म्हणाली, "आवाज आला."

आवाज! पडवीत नळाखाली भांडी आपटत असताना हिला दोन ठोक्यांचा आवाज आला! पण नानांना तेवढंच पुरलं. ते उठले, बरणी काखेत मारली आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. त्या भाऊला आज दाखवतोच. ही मिरी नव्हे, पपईच्या बिया आहेत!"

पपईच्या बिया! मला! अहो, ऐकून घेणार तरी किती? पपईच्या वाळलेल्या बिया आमच्यात मिसळणारे लबाड असतात, नाही असं नाही. दिसायला सारख्याच, पण चव ना ढव. त्या पंक्तीला नेऊन बसवलं मला या नाकाने कांदे सोलणाऱ्याने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सूनबाई वाटभर म्हणत होती, "नाना, उद्या जाऊ. आत्ता ऊन आहे. नाना, आधी दुसरी पुडी आणून बघू." नाना ऐकतील तर ना! नाकावर राग आणि काखेत बरणी, असे ते थेट दुकानात शिरले.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. समोरच्या दुकानातला शिंपी गळ्यात टेप घालून उगाचच गप्पा मारायला आलेला होता. असा एकजण प्रत्येक भांडणाला कसा हजर असतो, हे मला कोडंच आहे.

"भाऊ," नाना गरजले, "तीस वर्षं तुझ्याकडून माल नेला. त्याचं हे फळ?"

"काय झालं, नाना?"

"मिरीच्या नावाखाली पपई विकतोस! वासाचा पत्ता नाही. हे नाक आहे, भाऊ, भोपळा नव्हे!"

भाऊंच्या हातातली पुडी तशीच राहिली. त्यांनी बरणी घेतली, उघडली, हुंगली. मग नानांकडे बघितलं. त्यांना काहीतरी चमत्कारिक वाटलं असावं. काचेचा पेला पाण्याने भरून त्यांनी समोर ठेवला. "पपईचं बी तरंगतं, मिरी बुडते. तुम्हीच टाका. तुमच्या हाताने."

नानांनी बरणीत हात घातला आणि मूठभर मिरी पेल्यात सोडली. त्या मुठीत मी होते.

सगळ्याजणी खाली गेल्या. टपटप, दगडासारख्या. एकटी मी वर राहिले.

काय सांगू! मी खाली जायचा आटोकाट प्रयत्न केला. श्वास रोखला, अंग चोरलं. पण पाण्याला काही माझी भीड पडेना. मी आपली पेल्याच्या काठाशी गोल गोल फिरत राहिले आणि खालून बहिणी बघत होत्या. त्या म्हातारीचं सूप बरोबर होतं, मी चुकीच्या ढिगात पडले होते. आत्तापर्यंत हे मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"हे काय आहे?" नाना आनंदाने ओरडले. खरंच, आनंदाने! "बघा! बघा सगळ्यांनी!"

"एखादी पोचट निघते, नाना," भाऊ म्हणाले.

"शितावरून भाताची परीक्षा," शिंपी म्हणाला. याला कुणी विचारलं होतं?

एका बाईंनी आपल्या पिशवीतली जिऱ्याची पुडी बाहेर काढून हळूच परत ठेवली. दुसरे एकजण म्हणाले, "नानांचं नाक कधी चुकत नाही बुवा." तिसरे पुडी न घेताच निघून गेले. एवढ्यात भाऊंचा चेहरा उतरला. पिढ्यांची अब्रू, आणि ती माझ्यापायी पाण्यावर तरंगत होती. त्यांनी वाद घातला नाही. वाकून मिरीचं अख्खं पोतं ओढलं आणि म्हणाले, "नानांना वास येत नसेल तर माझंच नाक चुकलं असेल. हे गटारात ओततो, आणि पाटी उतरवतो."

"थांबा, भाऊ," सूनबाई म्हणाली.

चार वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. नानांनीही नसावा, कारण ते गर्रकन वळले.

"नाना, एक दाणा चावून बघा."

"मी चाखत नाही. माहीत आहे तुला."

"माहीत आहे. आज चाखा."

"सूनबाई, चार लोकांत..."

"चार लोकांतच तुम्ही भाऊंना चोर म्हणालात ना? मग चार लोकांतच चावा."

शिंप्याचं तोंड उघडंच राहिलं. नानांच्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, इथे तर सून उभी होती. रागाच्या भरात त्यांनी बरणीतला एक टपोरा दाणा उचलला, तोंडात टाकला आणि कडकन फोडला.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट ऐका. वास नाकाचा, पण आमचा जाळ नाकावर अवलंबून नसतो. तो जिभेला चावतो, घशाला धरतो. नाक मेलं तरी आम्ही मरत नाही. नाना आधी नुसते उभे राहिले. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, डोळे भरले, कान लाल झाले. त्यांनी दुसरा दाणा फोडला. मग तिसरा. डोळ्यातून धारा लागल्या होत्या, त्यातल्या किती माझ्या बहिणींच्या आणि किती त्यांच्या स्वतःच्या, ते कुणाला कळलं नाही.

"मिरीच आहे," ते पुटपुटले. "मग वास कुठे गेला?"

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "वास इथेच आहे, नाना. अख्ख्या दुकानात आहे."

नानांनी सूनबाईकडे पाहिलं. "तुला येतोय?"

"हो."

"दुपारी पडवीत आला होता?"

ती खाली बघत म्हणाली, "आला होता."

"आणि दूध लागलं होतं, ते?"

"तेही. दोन महिने झाले, नाना."

मला वाटलं, आता हा माणूस तिच्यावर डाफरणार. माणसं तेच करतात, चूक दाखवणाऱ्याचा गळा आधी धरतात. मी पाण्यावर तरंगत वाटच बघत होते. पण नाना दाराकडे वळले, निघालेली गिऱ्हाइकं ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ऐका हो! भाऊंची मिरी खरी आहे. माझं नाक खोटं आहे. जे काही बोललो ते मी परत घेतो." आणि मग भाऊंच्या पोत्याला हात लावून त्यांनी ते स्वतः जागेवर सरकवलं. जड होतं. भाऊंनी दुसरी बाजू धरली.

मी माणसांचं कौतुक करत नाही, ती माझी सवय नव्हे. शिंपी मात्र गुपचूप आपल्या दुकानात गेला, हे पाहून मला बरं वाटलं.

निघताना नानांनी पेल्यात बोट घालून मला बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. "ही राहू दे माझ्याकडे," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. त्यांना आणि मला एका माळेत ओवलेलं मला मुळीच खपणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ती दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "येईलही वास परत. महिन्यांनी, वर्षाने. कदाचित नाहीही येणार. रोज एखाद्या ओळखीच्या वस्तूचा वास घेत जा, नाकाला आठवण राहते." नानांनी ओळखीची वस्तू म्हणून मला निवडलं. तेव्हापासून मी या झाकणात.

स्वयंपाकघर आता सूनबाईच्या हाती आहे. ती सरळ चमच्याने चाखते, मीठ-मिरी घालते, आणि नाना कांदे सोलतात. पुसून ठेवतात का, ते मी बघितलेलं नाही. परवा तिने विचारलं, "नाना, पाटीवरचं नाक पुसून घ्यायचं का?" नाना म्हणाले, "राहू दे. ते आता तुझं."

पण रोज सकाळचा तमाशा वेगळाच. चूल पेटायच्या आधी नाना कट्ट्याशी येतात, मला दोन बोटांत धरतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात. मग मला खाली ठेवतात. "नाही," म्हणतात. सूनबाई म्हणते, "नाना, अख्ख्या मिरीला वास कुठून येणार? फोडायला हवी. बरणीतली दुसरी चार कुटून देऊ?" त्यावर नानांचं ठरलेलं उत्तर, "नको, हीच बरी. उद्या फोडू." असे उद्या किती झाले, ते मी मोजायचं सोडून दिलं.

मला हे सगळं ढळढळीत दिसतं. मी अख्खी आहे तोवर यांना म्हणता येतं, मिरी फोडली नाही म्हणून वास आला नाही. मी फुटले आणि तरीही काही आलं नाही, तर मग म्हणायला काय उरलं? भित्रा कुठला! तीस वर्षं नाक वर करून चालला, आणि आता एका दाण्याच्या आड लपतोय. असं मी रोज मनात म्हणते, तोंड भरून म्हणते.

आणि रोज ते मला खाली ठेवतात तेव्हा हुश्श करते.

हो, करते. आता इतकं सांगितलंय तर हेही सांगते. टोकाची मी, उरलंसुरलं पिऊन वाढलेली. माझ्या आत काय आहे आणि किती आहे, मला स्वतःला ठाऊक नाही. उद्या मला फोडलं आणि आत नुसती हवा निघाली, तर त्या माणसाला वाटेल आपलं नाक कायमचं गेलं, आणि दोष असेल माझ्या पोकळ पोटाचा. तुम्हाला इतकी नावं ठेवली मी. ती ठेवताना माझा आवाज एवढा चढत होता, त्याचं कारण हे.

आज सकाळी नाना आले ते खलबत्ता घेऊन. तो त्यांनी धुतला, कोरडा केला आणि माझ्याशेजारी ठेवला. आणि आत्ता, हे बोलता बोलता, मला झाकणातून उचलून आत टाकलं. दगड गार आहे. बत्ता त्यांच्या हातात आहे. तो त्यांनी उचलला आणि पुन्हा खाली टेकवला. मला वाटलं, झालं, उद्यावर गेलं.

मग त्यांनी मागे वळून हाक मारली, "सूनबाई, जरा इकडे ये गं."

ती ओल्या हातांनी आली. "काय, नाना?"

"इथे उभी राहा, माझ्याजवळ. मी ही फोडतो. मला नाही आला, तर तू सांग मला, कसा आहे ते. नीट सांग. कंजूषपणा करू नको."

"सांगते," ती म्हणाली आणि पदराला हात पुसून वाकली.

दोन नाकं माझ्यावर ओणवी झाली आहेत. एक बिघडलेलं, एक चांगलं. नाना, आता वेळ लावू नका. तुमच्यापैकी एकाला जरी पुरले तरी दुसऱ्याला सांगितलं जाणार आहे, मग मला कशाची भीती? आणि तुम्ही, वाचणारे, ताटाच्या कडेला काढून ठेवणारे! पुढच्या वेळी माझ्या बहिणींपैकी कुणी दाताखाली आली, तर तोंड वाकडं करू नका. चावा तिला. आत काय आहे ते तिलाही तेव्हाच कळतं.

बत्ता वर गेलाय. जोरात मारा, नाना.